जुन्या लॅपटॉपात लिनक्स कसं टाकायचं: पंख्यातल्या कापसापासून मराठी कीबोर्डापर्यंत

दिवाळी झाली आणि मामा कापडी पिशवीत लॅपटॉप घालून घरी आले. सोलापुरात अशोक चौकाच्या पलीकडे त्यांचे टॉवेलचे चार माग आहेत, आणि हा लॅपटॉप बारा वर्षं मागांच्याच खोलीत कोपऱ्यातल्या टेबलावर बसून आहे. "बघ की रे जरा. चालू करून चहा पिऊन येतो, तरी ते गोलच फिरायलंय. एका दुकानात दाखवला तर म्हणले, यात आता काही राम नाही, नवा घ्या."

बटण दाबलं आणि घड्याळ लावलं. ब्राउझर उघडून पहिलं पान नीट दिसायला सात मिनिटं लागली. आत तिसऱ्या पिढीचा आय-थ्री प्रोसेसर, चार जीबी रॅम, पाचशे जीबीची फिरती हार्ड डिस्क आणि विंडोज १०. म्हणजे राम होता, रॅम तेवढी बेताची होती. आज तोच लॅपटॉप त्याच टेबलावर चालतो आणि बावीस-तेवीस सेकंदांत कामाला लागतो. त्यात विंडोजच्या जागी लिनक्स टाकलं. लिनक्स ही फुकट मिळणारी, अनेक प्रकारांत येणारी ऑपरेटिंग सिस्टिम, म्हणजे विंडोजसारखंच कॉम्प्युटर चालवणारं मूळ सॉफ्टवेअर. त्या दोन रविवारांत जे जे केलं ते इथे क्रमानं लिहितोय. ज्यांनी आयुष्यात कधी ऑपरेटिंग सिस्टिम टाकलेली नाही त्यांच्यासाठीच हे आहे, त्यामुळे जाणकारांना काही गोष्टी बाळबोध वाटतील.

लागणारं सामान थोडं आहे: आठ जीबीचा एक पेनड्राइव्ह, तीन जीबी डाउनलोड होईल एवढं नेट, छोटा स्क्रू-ड्रायव्हर, रंगाचा मऊ कोरा ब्रश आणि एक निवांत दुपार.

आधी दुखणं कुठं आहे ते बघा

"कोणतं लिनक्स सगळ्यात फास्ट?" हा प्रश्न सगळे पहिला विचारतात, आणि तो पहिला विचारायचा नसतो. मशीन कशानं अडतंय ते आधी कळलं पाहिजे.

विंडोज चालू असताना कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकत्र दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. त्यात सीपीयू, मेमरी आणि डिस्क असे टक्के दिसतात. काहीही न करता पाच मिनिटं नुसतं बघत बसा. मामांच्या लॅपटॉपात सीपीयू पंधरा-वीस टक्के आणि डिस्क मात्र सतत शंभर टक्के. म्हणजे प्रोसेसर बिचारा रिकामा बसलेला, डिस्ककडून माल येण्याची वाट बघत. मागावर सूतच पोचत नसेल तर माग जोरात चालवून काय उपयोग?

त्याच खिडकीत परफॉर्मन्स या भागात रॅम किती आणि प्रोसेसर कोणता तेही कळतं. सेटिंग्ज, मग सिस्टिम, मग अबाउट इथे ६४-बिट की ३२-बिट ते बघून कागदावर लिहून ठेवा. या कागदावर पुढचं सगळं ठरणार आहे.

डिस्क मरायला टेकली आहे का, हेही आताच बघा. क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचं छोटं फुकट सॉफ्टवेअर आहे. ते 'गुड' म्हणालं तर ठीक. 'कॉशन' किंवा 'बॅड' दिसलं तर बाकी सगळं थांबवा आणि आधी फाइली बाहेर काढा. अशा डिस्कवर जगातली कुठलीही सिस्टिम टाका, रडतच चालणार.

पंख्यातला कापूस

ही पायरी पुण्या-मुंबईचे लोक बहुधा शेवटी लिहितील. सोलापुरात ती पहिली.

मामांच्या लॅपटॉपाचं मागचं झाकण उघडलं तेव्हा मला आधी वाटलं की कंपनीनंच पंख्यापुढे फेल्टचा तुकडा लावलाय. पंखा आणि तांब्याची जाळी यांच्या मध्ये राखाडी रंगाची, बोटभर जाडीची, छान दाबून बसलेली गादी होती. चिमट्यानं धरली तर अखंड पट्टी निघून आली. सुताची लव! बारा वर्षं पंखा ती ओढत होता आणि जाळी ती अडवत होती. लॅपटॉपाच्या पोटात अर्धा टॉवेल तयार झाला होता. मामांनी ती पट्टी हातात घेऊन अंगठ्यानं चोळून बघितली आणि म्हणाले, "वीस नंबरचं नाही, हे बारीक आहे."

हवा बाहेर जात नाही, प्रोसेसर तापतो, आणि जळू नये म्हणून तो स्वतःच आपला वेग कमी करतो. मे महिन्यात पारा त्रेचाळीसच्या पुढे गेल्यावर पत्र्याच्या खोलीत काय होत असेल ते सांगायला नको. अशा मशिनीला नुसतं हलकं लिनक्स टाकलं तर आठवडाभर बरं वाटेल, मग पुन्हा तेच.

करायचं ते असं. लॅपटॉप बंद करा, चार्जर काढा. बॅटरी बाहेरून निघणारी असेल तर तीही काढा. आतली असेल तर झाकण उघडल्यावर तिची वायर आधी सोडवा. बॅटरी फुगलेली दिसली तर तिला टोचू नका, दाबू नका. ती सरळ काढून टाका, चार्जरवर मशीन चालतं. मागचे स्क्रू सगळे सारख्या लांबीचे नसतात, म्हणून कागदावर लॅपटॉपाचं चित्र काढून ज्या त्या जागी स्क्रू टोचून ठेवा. पंख्याचं पातं एका काडीनं अडवून धरा आणि मग ब्रशनं झाडा, नाहीतर पंखा भन्नाट फिरून बेअरिंग बिघडतं. सायकलच्या दुकानातल्या कॉम्प्रेसरनं फुंकर मारू नका, त्या हवेत पाण्याचा अंश असतो.

काही मॉडेलांत पंख्यापर्यंत पोचायला अख्खा लॅपटॉप सुटा करावा लागतो. तसं असेल तर जाणकार कारागिराकडून करून घ्या आणि प्रोसेसरवरची थर्मल पेस्टही बदलायला सांगा. सगळंच आपण करायचं असं नाही.

पैसे टाकायचे तर एसएसडीवर

फिरती डिस्क सेकंदाला जेमतेम शंभर एमबीपर्यंत माल देते, आणि तोही सलग असेल तर. एसएसडी म्हणजे आत काहीही न फिरणारी डिस्क. साधी सॅटा (नेहमीच्या जोडणीची) एसएसडी पाचशेच्या घरात देते. खरा फरक मात्र त्याहून मोठा आहे, कारण सिस्टिम चालू होताना हजारो बारक्या फाइली इकडून तिकडून वाचाव्या लागतात, आणि फिरत्या डिस्कची सुई तिथेच दमते. २०१० नंतरच्या बहुतेक लॅपटॉपांत अडीच इंची सॅटा एसएसडी जुन्या डिस्कच्याच जागी बसते. २४० किंवा २५६ जीबीची पुरते.

माझा सरळ सल्ला: एकाच गोष्टीवर खर्च करायची ऐपत असेल तर एसएसडी घ्या. रॅम चारच्या आठ जीबी झाली तर उत्तमच, पण ती नंतर. रॅम घेताना डीडीआर-थ्री आणि त्यातही कमी व्होल्टेजवाली 'एल' लागते का, ते जुन्या पट्टीवरचं लेबल बघूनच घ्या. शक्यतो जुनी पट्टीच खिशात घालून दुकानात जा.

एसएसडीचा अजून एक फायदा आहे, त्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. जुनी डिस्क विंडोजसकट जशीच्या तशी काढून कपाटात ठेवता येते. नवं पटलं नाही तर दोन स्क्रू सोडून जुनी डिस्क परत बसवा, पाच मिनिटांत सगळं पूर्ववत. मामांना मी हेच सांगितलं आणि त्यांचा चेहरा एकदम सैल झाला.

कुणी या वाटेला जाऊ नये

तुमचं रोजचं काम टॅलीवर असेल तर थांबा. टॅली लिनक्सवर थेट चालत नाही. डीटीपी करणारे, श्रीलिपी आणि कोरलड्रॉवर लग्नपत्रिका नि हँडबिलं बनवणारे, यांनीही विंडोजच ठेवावी. जीएसटीचं किंवा निविदांचं काम डिजिटल सहीच्या डोंगलवर चालत असेल तरी ते मशीन हलवू नका. हे सगळं जुगाड करून थोडंफार चालवता येतं, पण महिन्याच्या वीस तारखेला रिटर्न भरायच्या वेळी जुगाड दगा देतो.

मामांचं तसं नव्हतं. टॅली त्यांचा अकाउंटंट त्याच्या ऑफिसात करतो. मामा व्हॉट्सअ‍ॅप वेबवर ऑर्डर बघतात, ब्राउझरमध्ये ई-वे बिल काढतात, सुताच्या नोंदी एक्सेलमध्ये ठेवतात आणि संध्याकाळी जुनी भावगीतं लावतात. एवढ्याला लिनक्स भरपूर झालं. विद्यार्थी, ऑनलाइन फॉर्म भरणारे, पीडीएफ वाचणारे, प्रोग्रॅमिंग शिकणारे यांचंही काही अडत नाही.

विंडोज १० तशीच ठेवली तर काय बिघडलं, असंही मामांनी विचारलं होतं. १४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टनं तिचा नेहमीचा सपोर्ट थांबवला. मशीन चालत राहतं, पण सुरक्षेच्या नव्या दुरुस्त्या आपोआप मिळणं संपलं, फार तर वर्षभराची वाढीव मुदत. विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) आणि इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. तिसऱ्या पिढीचा आय-थ्री त्या दारातून आत जात नाही. ज्या मशिनीवरून बँकेचा पासवर्ड टाकायचा, ते दुरुस्तीविना वापरायला माझं तरी मन घेत नाही.

कोणतं घ्यायचं

चार जीबी रॅम आणि ६४-बिट प्रोसेसर असेल तर लिनक्स मिंटची एक्सएफसीई आवृत्ती. फार डोकं लावू नका. मिंटच्या साइटवर सिनॅमन, माते आणि एक्सएफसीई असे तीन प्रकार दिसतील. तिसरा सगळ्यात हलका. खाली पट्टी, कोपऱ्यात मेन्यू, विंडोजची सवय असलेल्याला पाच मिनिटांत सरावतं. मिंटच्या २२ मालिकेला एप्रिल २०२९ पर्यंत अपडेट मिळणार आहेत.

दोनच जीबी असेल तर लुबंटू करून बघा, किंवा त्याहून हलकं अँटीएक्स. लुबंटूत फायरफॉक्स स्नॅप नावाच्या पद्धतीनं येतो आणि जुन्या डिस्कवर पहिल्यांदा उघडायला बराच वेळ घेतो. मिंटमध्ये ती भानगड नाही. ३२-बिट अ‍ॅटम प्रोसेसरच्या जुन्या छोट्या नेटबुकांसाठी अँटीएक्स २३ ची ३२-बिट आवृत्ती मिळते. मिंटची २२ मालिका ३२-बिट मशिनीवर चालतच नाही, म्हणून तर तो कागद.

आता एक कडू गोष्ट. सिस्टिम कितीही हलकी असली तरी आजचा ब्राउझर हलका नाही. अँटीएक्स स्वतः दोन-तीनशे एमबीत भागवेल, पण यूट्यूबचं एक पान त्याहून जास्त रॅम खाऊन बसतं. एक जीबी रॅमच्या नेटबुकावर टायपिंग होईल, गाणी वाजतील, पीडीएफ उघडतील. 'सगळं मक्खन' असं कुणी म्हणालं तर त्याला त्याच्या डोळ्यांदेखत व्हिडिओ लावून दाखवायला सांगा.

फाइली बाहेर काढा

कंटाळवाणी पायरी, आणि सगळ्यात जास्त रडारड इथेच होते. डॉक्युमेंट्स आणि पिक्चर्स सगळे आठवणीनं घेतात. विसरतात ते डेस्कटॉप आणि डाउनलोड्स, आणि खरी कागदपत्रं तिथेच पडलेली असतात. आधार, जातीचा दाखला, सातबारा, सगळं डाउनलोड्समध्ये. ब्राउझरमधले पासवर्ड आणि बुकमार्क खात्याला सिंक झालेत का बघा. घेतलेली कॉपी दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडून बघा. नुसती कॉपी झाली म्हणजे उघडेलच असं नाही.

पेनड्राइव्ह तयार करणं

मिंटच्या अधिकृत साइटवरूनच एक्सएफसीईची आयएसओ फाइल (अख्खी सिस्टिम एकत्र भरलेली फाइल) उतरवा. ती तीन जीबीच्या आसपास असते. मग रूफस नावाचं छोटं सॉफ्टवेअर घ्या. पेनड्राइव्हवरचं सगळं पुसलं जाणार आहे, त्यावर भाच्याच्या वाढदिवसाचे फोटो नाहीत ना, एवढं बघा.

रूफसमध्ये वर पेनड्राइव्ह निवडा, खाली आयएसओ निवडा. आयएसओ निवडायच्या बटणाशेजारी बरोबरच्या खुणेचं छोटं बटण आहे. ते दाबलं की फाइलीचे लांबलचक आकडे दिसतात. त्यातला एसएचए-२५६ चा आकडा साइटवर दिलेल्या आकड्याशी जुळवून घ्या. सगळा नको वाटला तर सुरुवातीची आणि शेवटची आठ-आठ अक्षरं तरी बघा. डाउनलोड मध्येच तुटून फाइल अर्धवट उतरली असेल तर इथेच कळतं, नाहीतर नंतर दोन तास कारण शोधत बसाल.

पार्टिशन स्कीममध्ये एमबीआर ठेवा. जीपीटी निवडलं तर जुन्या बायॉसच्या (बटण दाबल्यावर सगळ्यात आधी चालणाऱ्या, मदरबोर्डावरच्या सॉफ्टवेअरच्या) मशिनीला पेनड्राइव्ह दिसतच नाही. माझा पहिला रविवार यातच गेला. रूफस मध्येच विचारेल की आयएसओ पद्धतीनं लिहू की डीडी. त्यानं सुचवलेलंच घ्या. मग स्टार्ट.

टाकण्याआधी चालवून बघा

पेनड्राइव्ह लावून लॅपटॉप बंद-चालू करा आणि लगेच बूट मेन्यूचं (कशावरून चालू व्हायचं ते निवडायच्या यादीचं) बटण टपटप दाबत राहा. डेल, लेनोव्हो आणि एसरला बहुधा एफ-१२, एचपीला एफ-९ किंवा आधी एस्केप मग एफ-९, असुसला एस्केप. एसरच्या काही मॉडेलांत एफ-१२ आधी बायॉसमध्ये जाऊन चालू करावं लागतं. लेनोव्होच्या काही आयडियापॅडला बाजूला टाचणीनं दाबायचं बारीक बटण असतं. यादीत पेनड्राइव्हचं नाव निवडा.

पेनड्राइव्ह नाकारला गेला तर बायॉसमध्ये जाऊन सिक्युअर बूट (अनोळखी सिस्टिम चालू होऊ न देणारी सोय) बंद करून बघा. विंडोजही ठेवायची असेल तर त्याआधी बिटलॉकरची (विंडोजच्या डिस्क-कुलपाची) रिकव्हरी की मायक्रोसॉफ्टच्या खात्यातून लिहून घ्या, नाहीतर विंडोज ती मागून अडून बसू शकते.

दोन-तीन मिनिटांत मिंटचा डेस्कटॉप येईल. अजून डिस्कवर काहीही झालेलं नाही, सगळं पेनड्राइव्हवरून चाललंय. नवी पेठेत चप्पल घेताना दुकानात चार पावलं चालून बघतो ना, तसं इथे चालून बघा. वाय-फाय लागतंय का? गाणं लावून आवाज येतो का? कॅमेरा, माउसपॅड, उजेड कमी-जास्त करायची बटणं? झाकण मिटून उघडल्यावर जागा होतो का? पेनड्राइव्हवरून असल्यामुळे थोडा हळू वाटेल, त्यावरून मत बनवू नका.

वाय-फाय दिसलं नाही तर घाबरायचं कारण नाही. फोन यूएसबी केबलनं जोडा आणि फोनच्या सेटिंग्जमध्ये यूएसबी टिथरिंग चालू करा. लगेच नेट मिळतं. ब्रॉडकॉमच्या काही जुन्या चिपांना वेगळा ड्रायव्हर (ती चिप चालवणारं छोटं सॉफ्टवेअर) लागतो. तो नंतर ड्रायव्हर मॅनेजर नावाच्या अ‍ॅपमधून याच नेटवर उतरवता येतो.

मला इथे एक गंमत भेटली. वाय-फाय लागलं, पण एकही साइट उघडेना. जिथे जावं तिथे 'कनेक्शन सुरक्षित नाही'. अर्ध्या तासानं कोपऱ्यातल्या घड्याळाकडे लक्ष गेलं, तर तारीख २०१२ ची! मदरबोर्डावरचा नाण्याएवढा सेल मेला होता. मामांच्या लॅपटॉपात तो सीआर-२०३२ होता, घड्याळजीकडेही मिळतो. तारीख हातानं दुरुस्त केली आणि साइटा धडाधड उघडल्या.

आता टाका

बॅटरी मेलेली असेल तर वीज कधी जाते ते बघून वेळ निवडा. अर्ध्यात वीज गेली तर मशीन मरत नाही, पण सगळं पहिल्यापासून करावं लागतं. मी इन्व्हर्टरच्या लाइनवर लावला होता.

डेस्कटॉपवरच्या 'इन्स्टॉल लिनक्स मिंट' वर दोनदा क्लिक करा. भाषा इंग्रजीच ठेवा, असं माझं मत. मराठी निवडता येते, पण काही अडलं आणि शोधायची वेळ आली की मेन्यूंची इंग्रजी नावं माहीत असलेली बरी. मराठी टायपिंगचा या निवडीशी काही संबंध नाही, ते पुढे येतंय. कीबोर्ड इंग्लिश यूएस. मल्टिमीडिया कोडेक्सच्या चौकटीत टिक करा, नाहीतर काही व्हिडिओ मुके राहतील.

मग येतो खरा प्रश्न: डिस्कचं काय करायचं. नवी एसएसडी असेल तर 'इरेज डिस्क' निवडा, विषय संपला. जुनीच डिस्क असेल आणि विंडोज नको असेल तरीही तेच. फक्त फाइली बाहेर काढल्यात ना, हे स्वतःला पुन्हा एकदा विचारा. दोन्ही ठेवायच्या असतील तर 'इन्स्टॉल अलाँगसाइड' घ्या. त्यासाठी आधी विंडोजच्या पॉवर ऑप्शन्समध्ये जाऊन फास्ट स्टार्टअप बंद केलेलं असलं पाहिजे, कारण त्यात विंडोज पूर्ण बंद होतच नाही, अर्धवट झोपते, आणि तिच्या डिस्कला हात लावणं धोक्याचं ठरतं. 'समथिंग एल्स' या पर्यायाकडे पहिल्या वेळी बघूही नका.

वेळेच्या नकाशावर कोलकाता निवडा. भारताचा टाइम झोन त्याच नावानं आहे. नाव आणि पासवर्ड द्या. हा पासवर्ड दर अपडेटला लागतो, म्हणून लक्षात राहील असाच. फिरत्या डिस्कवर अर्धा-पाऊण तास, एसएसडीवर दहा-पंधरा मिनिटं. शेवटी पेनड्राइव्ह काढून एंटर दाबा असं सांगेल, तसं करा.

पहिल्या दिवशी करायच्या गोष्टी

आधी अपडेट मॅनेजर उघडून सगळे अपडेट घ्या. त्याला वेळ लागतो, लागू द्या. मग ड्रायव्हर मॅनेजर एकदा चालवा. टाइमशिफ्ट नावाचं अ‍ॅप आहे, त्यात सिस्टिमचा एक स्नॅपशॉट काढून ठेवा. पुढे काही बिघडलं तर त्या दिवसावर परत जाता येतं. तुमच्या फाइलींची कॉपी मात्र ते ठेवत नाही, ती वेगळीच ठेवायची.

हलकं मशीन अजून हलकं करायचं तर सेटिंग्जमध्ये 'विंडो मॅनेजर ट्वीक्स' मध्ये जाऊन कंपोझिटर बंद करा. सावल्या नि पारदर्शकता जातील, खिडक्या चटकन हलतील. 'सेशन अँड स्टार्टअप' मध्ये ब्लूटूथ वगैरे जे वापरत नाही त्याची टिक काढा. चार जीबी रॅम असेल तर सिनॅप्टिक पॅकेज मॅनेजरमधून झेडरॅम-कॉन्फिग घ्या; ते रॅममधलाच पडून असलेला डेटा दाबून बसवतं आणि जागा करतं. फायरफॉक्समध्ये यूब्लॉक ओरिजिन टाका. जाहिराती गेल्या की पानं निम्म्यानं हलकी वाटतात, हा फरक डोळ्यांना दिसतो. यूट्यूब अडखळलं तर व्हिडिओ ४८० वर आणा. बारा वर्षांच्या स्क्रीनवर एवढं पुरतं.

मराठीसाठी सेटिंग्जमध्ये कीबोर्ड, तिथे लेआउट, 'यूज सिस्टिम डिफॉल्ट्स' बंद करा आणि अ‍ॅड दाबून इंडियन गटातला मराठी लेआउट जोडा. कागापा फोनेटिक हा प्रकार इंग्रजी अक्षरांच्या उच्चारावर चालतो. क साठी के, म साठी एम. इनस्क्रिप्टची सवय असलेल्यांना इनस्क्रिप्टही मिळतो. भाषा बदलायचा शॉर्टकट तिथेच ठरवा. मोबाइलवर आपण इंग्रजीत लिहितो नि ते आपोआप मराठी होतं, हुबेहूब तसं हे नाही. चार दिवस बोटं अडखळतील. श्रीलिपीत टाइप केलेल्या जुन्या फाइली तो फॉन्ट नसेल तर अगम्य चिन्हांसारख्या दिसतील. फाइल खराब झालेली नसते. ती युनिकोडच (कुठल्याही मशिनीवर सारखी दिसणारी अक्षरांची पद्धत) नाही, एवढंच.

एक्सेलच्या जागी लिबरऑफिस कॅल्क. मामांची सुताची वही त्यात जशीच्या तशी उघडली. एक बदल मात्र आठवणीनं करा: टूल्स, ऑप्शन्स, लोड-सेव्ह, जनरल इथे नेहमीचा फॉरमॅट एक्सेलचा एक्सएलएसएक्स करून ठेवा. मी विसरलो होतो. तिसऱ्या दिवशी अकाउंटंटचा मामांना आणि मामांचा मला फोन: "फाइल फोनवर उघडंना झालीय म्हणतोय तो."

प्रिंटर जोडून लगेच बघा. बरेचसे आपोआप ओळखले जातात. काही जुन्या लेझर प्रिंटरांना खास ड्रायव्हर लागतो आणि तो लिनक्सवर बसवणं डोकेदुखी असते. तुमचा प्रिंटर तसा निघाला तर पीडीएफ करून फोनवरून किंवा दुसऱ्या मशिनीवरून छापणं सोपं.

मामांची एकच तक्रार उरली. जुन्या डेस्कटॉपवर सिद्धेश्वर तलावाचा, गड्ड्याच्या जत्रेच्या दिवसांतला दिव्यांचा फोटो होता, तो गेला. तो अर्थातच जुन्या डिस्कवर शाबूत होता. ती डिस्क मी यूएसबीच्या डबीत घातली, मामांना परत दिली, आणि आता ती बॅकअपला वापरतात. पेनड्राइव्हही पुसू नका. त्यावर चिठ्ठी चिकटवून लॅपटॉपाच्या पिशवीतच ठेवा. कधी मशीन उठलंच नाही तर त्यावरून चालू करून फाइली काढता येतात. आणि दर सहा महिन्यांनी झाकण उघडून पंखा झाडा. मामांच्या पंख्यावर परवा बघितलं, नवी लव धरायला लागलीय.